हातभर लांबीची गाडी

पेटीच्या झाकणावर ऐटबाज मोटारीचे चित्र असते. पण पेटी उघडली की आत मोटार नसते. आत असतात लहानमोठ्या पिशव्या. एकीत स्क्रू, दुसरीत दंतचक्रे, तिसरीत स्प्रिंगा, चौथीत रबरी टायर. तळाशी एक काळा सांगाडा आणि एक रंगहीन, पारदर्शक कवच. सोबतीला चित्रांनी भरलेली एक पुस्तिका. ज्याला आयते खेळणे हवे असते, त्याचा चेहरा ही पेटी पाहून उतरतो. परंतु एखादी वस्तू चालते तरी कशी, याचे ज्याला कुतूहल आहे, त्याचा आनंद नेमका येथूनच सुरू होतो.

विजेवर चालणारी आणि रेडिओलहरींनी दुरून हाकली जाणारी ही टूरिंग कार होय. रस्त्यावरच्या साध्या प्रवासी मोटारीत फेरफार करून ती शर्यतीसाठी सिद्ध केली, म्हणजे तिला टूरिंग कार म्हणतात. तिची एक-दशांश प्रमाणातील ही प्रतिकृती सुमारे १९ सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब असते. वजन दीड किलोच्या आतबाहेर. एवढ्याशा देहात सुकाणू आहे, चारही चाकांना फिरविणारी यंत्रणा आहे, धक्के सोसणाऱ्या नळ्या आहेत. फक्त चालक तेवढा आत नाही. तो दूर उंच चौथऱ्यावर उभा असतो आणि त्याच्या हातात ट्रान्समीटर असतो.

दुरून यंत्र हाकण्याची ही विद्या तशी जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे निकोला टेस्ला या संशोधकाने पाण्याच्या हौदात एक लहानशी नौका रेडिओलहरींच्या साहाय्याने फिरवून दाखविली होती. ना दोरी, ना तार. तरीही नौका सांगितल्याप्रमाणे वळे! ही किमया मुलांच्या आणि हौशी माणसांच्या हाती येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. जपानमधील शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकूड कापण्याचा उद्योग उभारला. त्यातूनच पुढे लाकडी आणि नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांनी पोर्शे या जर्मन मोटारीची विजेवर चालणारी प्रतिकृती करावयाचे मनावर घेतले. छायाचित्रे आणि मोजमापे यांवर त्यांचे समाधान होईना. अखेर त्यांनी एक खरीखुरी पोर्शे विकत घेतली आणि तिच्या अंतरंगात काय आहे हे पाहण्यासाठी ती चक्क सुटी केली! एक-द्वादशांश प्रमाणातील त्यांची ती रेडिओ-नियंत्रित पोर्शे १९७६ साली बाजारात आली. खेळणे करावयाचे म्हणून खरी मोटार उकलणारा हा माणूस वेडा म्हणावा की शहाणा? छोट्या गाड्यांच्या नादी लागलेली मंडळी त्याला निःसंशय शहाणाच म्हणतात. कारण उकलून पाहिल्यावाचून वस्तू कळत नाही, हा त्यांचाही अनुभव असतो.

गाडी जोडण्याचे काम वरवर सोपे दिसते. पुस्तिकेत प्रत्येक पायरीचे चित्र असते. पण चित्रात हाताचे कसब दाखविता येत नाही. साधा स्क्रूच घ्या. प्लॅस्टिकमध्ये बसणारा स्क्रू आपले आटे आपणच पाडीत जातो. एकदा काढलेला स्क्रू परत बसविताना घाईने पिळला, तर तो जुन्या आट्यांवर दुसरे आटे पाडतो आणि भोक सैल होऊन बसते. म्हणून जाणता कारागीर स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवितो. ‘टक्’ असा सूक्ष्म आवाज झाला की जुने आटे सापडले असे समजावे. मग सुलटा फिरवावा. असा स्क्रू दहा वेळा काढला-घातला, तरी भोक शाबूत राहते. पुढे जाण्यापूर्वी क्षणभर मागे येणाऱ्या त्या हाताचा उपकार पुढे कित्येक महिने जाणवत राहतो.

सुकाणूचे काम सर्व्हो नावाची लहानशी मोटर करते. ट्रान्समीटरचा संदेश गाडीतील रिसीव्हर झेलतो आणि सर्व्होला विजेचे बारीक ठोके पाठवितो. ठोका सेकंदाच्या हजारांश भागाच्या दीडपट लांबीचा असला, तर सर्व्होचा दांडा मध्यावर राहतो; त्याहून आखूड वा लांब असला, तर तो डाव्या-उजव्या बाजूला वळतो. म्हणून आधी वीज जोडावी, दांडा आपोआप मध्यावर येऊ द्यावा आणि मगच त्यावर सुकाणूचा हात बसवावा. ज्याने हा क्रम मोडला, त्याची गाडी आयुष्यभर एकीकडे कलून धावते आणि तो बिचारा चाकांना दोष देत राहतो.

यानंतर येते दंतचक्रांचे गणित. मोटरीच्या टोकाशी असलेल्या छोट्या चक्राला पिनियन म्हणतात. समजा, पिनियनला २२ दात आहेत आणि त्याला जोडलेल्या मोठ्या चक्राला ७०. पुढे चाकांपर्यंत जाताना आणखी २.६ पट घट होते. ७० ला २२ ने भागून २.६ ने गुणले की सुमारे ८.२७ येतात. म्हणजे मोटर ८.२७ वेळा फिरते, तेव्हा कोठे चाकाचा एक फेरा होतो. मोटरीचे मिनिटाला १६,००० फेरे होत असले, तर चाकाचे सुमारे १,९३५ होतील. चाकाचा परीघ सुमारे २० सेंटिमीटर धरला, तर गाडी मिनिटाला ३८७ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २३ किलोमीटर धावेल. पिनियन २५ दातांचे बसविले, तर हाच हिशेब सुमारे २६ किलोमीटरवर जातो. मग कोणीही मोठेच पिनियन का बसवू नये? कारण निसर्ग उधार देतो, पण फुकट देत नाही. मोठ्या पिनियनने वेग वाढतो, पण मोटरीवरचा भार वाढतो. वळणातून बाहेर पडताना गाडी जड होते, मोटर अधिक वीज ओढते आणि तापू लागते. म्हणून अनुभवी चालक दोन मिनिटांनी गाडी थांबवून मोटरीची ऊब आधी पाहतो आणि वेगाची गोष्ट नंतर करतो.

वळणाची गंमत तर वेगळीच आहे. पूर्वी खळ्यावर बैलांची पात धरून मळणी करीत. मधल्या तिवड्याभोवती बैल फिरत, तेव्हा आतला बैल जवळजवळ जागच्या जागी वळे आणि कडेच्या बैलाला मात्र लांब फेरा चालावा लागे. गाडीच्या चाकांचेही तसेच आहे. दोन चाकांत १६ सेंटिमीटर अंतर असले, तर पूर्ण वर्तुळात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे एक मीटर अधिक धावते. मग ते वर्तुळ लहान असो वा मोठे. दोन्ही चाके एकाच कण्याला घट्ट जखडली, तर एकाला घसटतच जावे लागेल. हा तंटा मिटविण्यासाठी डिफरन्शिअल नावाची चक्रांची जोडणी असते. ती दोन्ही चाकांना बळ पुरविते आणि तरीही प्रत्येकाला आपल्या गरजेप्रमाणे फिरू देते. तिच्या पोटात सिलिकोनचे तेल भरतात. तेल पातळ असले, तर चाके मोकळी राहतात. पण वळणात हलके झालेले आतले चाक नुसतेच गरगरू लागते आणि मोटरीचे बळ वाया जाते. तेल काकवीसारखे दाट असले, तर दोन्ही चाके एकमेकांना धरून राहतात आणि गाडी वळावयास नाखूश होते. किती मोकळीक द्यावी आणि किती बांधून ठेवावे, हे ठरविणे हीच येथली कला आहे.

धक्के सोसणाऱ्या नळ्यांतही, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरमध्येही तेलच असते. नळी उभी धरून तेल भरावे, आतला दट्ट्या सावकाश खालीवर करावा आणि हवेचे बुडबुडे वर येण्याची वाट पाहावी. येथे पाच मिनिटे कंटाळलेला माणूस पुढे पाच आठवडे पस्तावतो. बुडबुडा आत राहिला, तर ती नळी दुसरीहून वेगळी वागते आणि गाडी एका वळणावर शहाणी, तर दुसऱ्या वळणावर खुळी होते.

मग गाडी काचेसारख्या सपाट फळीवर ठेवून तिची बैठक पाहावयाची. पोट जमिनीपासून साधारणपणे पाच-सहा मिलिमीटर उंच असावे. चाकांचे माथे किंचित आत कललेले असावेत. एक-दोन अंश पुरेत. याला कँबर म्हणतात. मागच्या चाकांची तोंडेही दोन-तीन अंश आत वळवितात, म्हणजे सरळ रस्त्यावर शेपूट हलत नाही. सांगाडा कोठे पिळला आहे का, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. मागच्या बाजूला बरोबर मध्यावर सुरीचे टोक लावून गाडी हळूच उचलावी. दोन्ही चाके एकाच क्षणी उठली, तर सांगाडा सरळ. एक आधी उठले, तर कोठेतरी पीळ आहे. हे सारे मोजूनमापून केले, तरी अखेरचा दाखला टायरचाच. त्याची आतली कड अधिक झिजली, तर कँबर जास्त झाला असे खुशाल समजावे. टायरला खोटे बोलता येत नाही.

या संसारात सर्वांत जपून वागावे लागते ते बॅटरीशी. पूर्वी निकेल-कॅडमियमचे सहा घट जोडून ७.२ व्होल्टची बॅटरी करीत. आता बहुतेक ठिकाणी लिथियम-पॉलिमरची दोन घटांची ७.४ व्होल्टची बॅटरी वापरतात. ती हलकी असते, दमदार असते आणि तितकीच तापट असते. पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब ४.२ व्होल्ट, त्यापुढे भरणे धोक्याचे. तो ३ व्होल्टच्या खाली गेला, तर घट कायमचा बिघडतो. गाडी काही दिवस वापरावयाची नसेल, तर दर घट सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवतात. बॅटरी भरताना ती न पेटणाऱ्या फरशीवर, अग्निरोधक पिशवीत ठेवावी, तिच्याजवळ मोठे माणूस असावे आणि ते क्षणभरही तेथून हलू नये. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली, तरी पुन्हा वापरू नये. येथे कंजूषी करणाऱ्याचे घर पेटू शकते. बाकीच्या चुका गाडी सोसते. ही चूक ती सोसत नाही.

गाडी सुरू करण्याचाही एक शिष्टाचार आहे. आधी ट्रान्समीटर चालू करावा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. सारथ्याने लगाम हाती घेण्यापूर्वी घोडे सोडू नयेत, तसेच हे. पूर्वी प्रत्येकाच्या लहरी ठरावीक स्फटिकावर अवलंबून असत. दोघांचे स्फटिक एकाच लहरीचे निघाले, की एकाच्या सुकाणूने दुसऱ्याची गाडी वळे आणि दोघेही भिंतीवर आदळत! आता सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने होणाऱ्या लहरी वापरतात आणि प्रत्येक रिसीव्हर आपापल्या ट्रान्समीटरचाच आवाज ओळखतो.

नवशिक्या चालकाचे पहिले दिवस बहुधा सारखेच जातात. त्याची गाडी सरळ रस्त्यावर सर्वांच्या पुढे असते आणि वळणावर सर्वांच्या मागे. तो हरतो आणि दोष मोटरीला देतो. मोठे पिनियन येते. गाडी आता अधिक वेगाने वळणाकडे जाते आणि अधिक वेगाने बाहेर फेकली जाते. मग तो स्प्रिंगा बदलतो, तेल बदलतो, टायर बदलतो, कँबर बदलतो. सारे एकाच संध्याकाळी! दुसऱ्या दिवशी गाडी कालच्यापेक्षाही वाईट धावते. रडकुंडीला येऊन तो शेजारच्या मेजावरच्या जुन्या चालकाकडे जातो. जुना चालक गाडीकडे पाहतही नाही. तो एवढेच विचारतो, “काल नेमके काय बदललेस?” मुलगा भराभर चार-पाच गोष्टी सांगतो. “मग त्यांतल्या कोणत्या बदलाने गाडी बिघडली?” मुलाला उत्तर देता येत नाही. त्याच्या गाडीत दोष आहे, हे त्याला ठाऊक होते. आपल्या रीतीतच दोष आहे, हे त्याला त्या क्षणी प्रथम उमगते. पिनियन आणावयास दुकान असते. रीत कोठल्या दुकानात मिळणार?

तेव्हापासून त्याच्या पेटीत एक वही येते. एका वेळी एकच बदल करावयाचा, पाच फेऱ्या मारावयाच्या, वेळ लिहावयाची. गाडी सुधारली तर बदल ठेवावयाचा, बिघडली तर पूर्ववत करावयाचा. हे काम संथ असते, कंटाळवाणेही असते. परंतु चार आठवड्यांनी त्या वहीत जे साठते, ते कोणत्याही पेटीत मिळत नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळांत चालणारी शोधाची रीत आणि या वहीतली रीत मुळात एकच आहे. आणखी एक गोष्ट वहीतून कळते. सर्वांत वेगवान फेरी ज्याची, तो नेहमी जिंकतोच असे नाही. ज्याच्या सगळ्या फेऱ्या सारख्या, तो बहुधा पुढे निघतो. एकदा भिंतीवर आदळल्याने जेवढा वेळ जातो, तेवढा दहा फेऱ्यांच्या घाईनेही भरून निघत नाही.

हाकण्याची विद्या तर त्याहूनही अवघड. गाडी दूर जात असते, तोपर्यंत तिची उजवी बाजू ती चालकाचीही उजवी बाजू. पण ती वळून चालकाकडे येऊ लागली, की सारे उलटे होते. तिला उजवीकडे वळवावयाचे, तर ती चालकाच्या डावीकडे जाताना दिसते. नवशिका येथे हमखास फसतो. यावर उपाय एकच : आपण चौथऱ्यावर उभे आहोत हे विसरावे आणि मनाने त्या हातभर गाडीत जाऊन बसावे. ज्याला आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवरून पाहता येते, त्याला डावे-उजवे कधी चुकत नाही. हे साधावयास कोणाला आठवडा लागतो, कोणाला वर्ष.

विजेच्या टूरिंग कारची शर्यत साधारणपणे पाच मिनिटांची असते. त्या पाच मिनिटांत गाड्या आदळतात, उलटतात, कधी एखाद्या गाडीचे चाक निखळून दूर घरंगळत जाते. चालक तर चौथऱ्यावर. मग उलटलेली गाडी सुलटी कोणी करावयाची? यासाठी एक सुंदर प्रथा आहे. ज्यांची शर्यत नुकतीच संपली, त्यांनी पुढच्या शर्यतीच्या वेळी मार्गाच्या वळणांवर उभे राहावयाचे आणि कोणाचीही गाडी उलटली, की धावत जाऊन ती सरळ करून द्यावयाची. नुकताच हरलेला मुलगा डोळे पुसून वळणावर उभा राहतो. समोरून त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या मित्राची गाडी येते, गडगडते आणि त्याच्याच पायाशी पालथी पडते. तेथे विचार करावयास एक क्षणही नसतो. तो इतर गाड्या चुकवून वाकतो, गाडी उचलतो, सरळ करून सोडून देतो. गाडी निघून जाते; आभार मानावयास कोणी थांबत नाही. पण पुढच्या फेरीला आपली गाडी पडेल, तेव्हा दुसऱ्या कोणाचे तरी हात असेच पुढे येतील, या भरवशावर ही सारी शर्यत चाललेली असते.

सायंकाळी मैदान रिकामे होते आणि गाडीची खरी सेवा सुरू होते. मऊ कुंचल्याने धूळ झाडावयाची. चाके काढून बेअरिंगमागे गुंतलेले केस आणि धागे चिमट्याने ओढावयाचे. प्रत्येक चाक बोटाने फिरवून कानाशी धरावयाचे. खरखर ऐकू आली, तर ते बेअरिंग धुऊन तेलाचा एकच थेंब द्यावयाचा. थेंब दोन झाले, की त्यांवर धूळ बसते. धातूत बसलेले स्क्रू सैल झाले आहेत का, हे पाहावयाचे. दंतचक्रांच्या दातांत खडा अडकला आहे का, हे प्रकाशात धरून तपासावयाचे. कवचाला तडा गेला असेल, तर आतून पट्टी लावावयाची. त्या कवचाचा रंगही आतल्या बाजूनेच दिलेला असतो. काचेच्या मागून चित्र रंगवितात तसा. म्हणून बाहेर कितीही ओरखडे पडले, तरी रंग जात नाही. हे काम पाहावयास मैदानावर कोणी नसते. टाळ्या नसतात, वेळ मोजणारे घड्याळ नसते. पण उद्याची शर्यत अर्धी येथेच जिंकली वा हरली जाते.

सर्व काही जागच्या जागी गेल्यावर वही उघडली जाते. तीत सुरुवातीची पाने खाडाखोडीने भरलेली असतात : पिनियन बदलले, स्प्रिंग बदलली, पुन्हा पिनियन बदलले. पुढे पुढे नोंदी तुरळक आणि अक्षर स्थिर होत जाते. आणि मग एक दिवस असा उजाडतो, की गाडी उत्तम धावलेली असते, हात थकलेले असतात आणि पेन्सिल पानावर थोडा वेळ नुसतीच थांबते. शेवटी तारखेपुढे एकच ओळ उमटते : ‘आज काहीही बदलले नाही.’